दुधाचा दात हिरडीत घुसला : काढायचा की वाट पाहायची?

मृण्मयी_लिहिते
नमस्कार मंडळी. लेक पावणेदोन वर्षांचा आहे. परवा संध्याकाळी धावता धावता टीपॉयच्या कडेवर तोंड आपटलं आणि वरचा समोरचा एक दात दिसेनासाच झाला. पडला असं समजून आम्ही सोफ्याखाली बॅटरी मारून शोधत होतो. दवाखान्यात गेल्यावर कळलं की दात पडलेला नाही, वर हिरडीत घुसलाय. सुजेतून पांढरी कड तेवढी दिसते.

आता गोची अशी झालीय की पहिल्या डेंटिस्टनी एक्सरे काढून सांगितलं, काही करू नका, आपोआप खाली येईल. नवऱ्याला ते पटेना म्हणून दुसरीकडे नेलं, तर ते म्हणाले काढून टाकू, नाहीतर आत तयार होणाऱ्या पक्क्या दाताला धोका. सासूबाईंचं तिसरंच, "दुधाचाच तर आहे, पडणारच होता, एवढी धावाधाव कशाला!"

तर ज्यांच्या मुलांचं असं झालंय त्यांनी सांगा, दात खरंच आपणहून खाली येतो का? किती वाट पाहायची? नवीन दात वेडावाकडा आला तर? आणि दोन डॉक्टर दोन टोकांची मतं देतात तेव्हा तुम्ही काय करता?

चष्मेबहाद्दर
दाताचं नंतर बघू. डोक्याला लागलंय का ते आधी सांगा. पडल्यावर बेशुद्ध झाला होता का, उलट्या झाल्या का, नेहमीपेक्षा जास्त सुस्त वाटतोय का? यातलं काही असेल तर डेंटिस्टकडे नाही, थेट मोठ्या दवाखान्यात.

मृण्मयी_लिहिते
नाही नाही, तसं काही नाही. पडल्या पडल्या भोकाड पसरलं आणि तासाभरात परत टीपॉयवर चढत होता. टीपॉय आता माळ्यावर गेलाय.

उन्हाळी_सुट्टी
अगदी हेच माझ्या मुलीचं झालं होतं, दीड वर्षाची असताना. आम्हाला थांबायला सांगितलं होतं. पहिले काही आठवडे काहीच फरक दिसेना, मी रोज ओठ वर करून बघायचे आणि ती रोज माझं बोट चावायची. मग एक दिवस वाटलं की कड जरा जास्त दिसतेय. नंतर हळूहळू आला खाली, पूर्ण. किंचित तिरका राहिला, पण सांगितल्याशिवाय कुणाला कळायचं नाही. धीर धर, एवढंच म्हणेन.

रोखठोक
मी उलट मत देतो, राग मानू नका. माझ्या भाच्याच्या बाबतीत "थांबा, बघू" म्हणत थांबलो. पुढे दात काळा पडला, हिरडीवर पुळी आली, पू आला आणि शेवटी काढावा लागलाच, तोही तापात. जो दात पाच वर्षांनी पडणारच आहे त्यासाठी पोराला इतकं का सोसायला लावायचं? पहिल्याच दिवशी काढला असता तर विषय संपला असता.

गप्पिष्ट
रोखठोकराव, "पडणारच आहे" हा न्याय लावायचा तर माझे केस पण आजच काढून टाकायला हवेत.

रोखठोक
फोटो टाका, मग ठरवू.

दंतकथा
मी लहान मुलांचीच डेंटिस्ट आहे, म्हणून सविस्तर लिहिते. बाळ मी पाहिलेलं नाही, एक्सरेही पाहिलेला नाही. त्यामुळे हा सल्ला नव्हे, तुमच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडेल अशी माहिती समजा.

मृण्मयी, दोन्ही डॉक्टरांचं बोलणं हवेतलं नाही. एक जुन्या नियमाने बोलतोय, एक नव्या. दातांच्या दुखापतींवर काम करणारी एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत असं होतं की घुसलेल्या दुधाच्या दाताचं मूळ पक्क्या दाताच्या अंकुराकडे वळलं असेल तर तो दात काढा, ओठाच्या बाजूला गेलं असेल तर थांबा. २०२० मध्ये सूचना बदलल्या. आता म्हणतात की मूळ कुठल्याही बाजूला गेलेलं असो, दाताला आपणहून खाली यायला वेळ द्या. कारण दात उपटतानाही अंकुराला इजा होऊ शकते, आणि थांबल्याने अंकुराचं नुकसान वाढतं असा पुरावा नाही.

बहुतेक दात सहा महिन्यांत खाली येतात, काहींना वर्षही लागतं. वरच्या समोरच्या दुधाच्या दाताचं मूळ मुळातच ओठाकडे किंचित वाकलेलं असतं, म्हणून मार बसला की ते बहुतेक वेळा ओठाच्या बाजूलाच सरकतं. पक्का दात टाळूच्या बाजूला तयार होत असतो. एक्सरेत हे ओळखता येतं. शेजारच्या दातापेक्षा घुसलेला दात आखूड दिसला तर मूळ ओठाकडे गेलंय, लांब दिसला तर अंकुराकडे. पुढच्या भेटीत डॉक्टरांना दोन्ही दात शेजारी शेजारी दाखवायला सांगा, तुम्हालाही दिसेल.

पण "थांबा" म्हणजे "विसरा" नाही. एका आठवड्याने, मग सहा ते आठ आठवड्यांनी, मग सहा महिन्यांनी आणि वर्षाने दाखवायचं. मार जोराचा असेल तर मूल सहा वर्षांचं झाल्यावर पुन्हा एकदा, कारण तेव्हा पक्का दात यायच्या बेतात असतो. रोखठोक, तुमच्या भाच्याच्या बाबतीत वाट पाहणं चुकलं की मधल्या तपासण्या झाल्या नाहीत, हे मला इथून कळणार नाही. पण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

गप्पिष्ट
डेंटिस्टने "दंतकथा" नाव घ्यावं आणि मग लोकांनी विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करावी, वा!

दंतकथा
"मूळव्याध" नाव आधीच कुणीतरी घेतलं होतं.

मृण्मयी_लिहिते
दंतकथा, मनापासून आभार. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणतो पहिल्याच डॉक्टरांनी दोन वाक्यांत एवढं सांगितलं असतं तर दुसरीकडे गेलोच नसतो. ते रागावून नाही, पण "काही करू नका, या आठवड्याने" एवढंच म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला.

खाण्याचं काय करू? आणि ब्रश? हिरडीला हात लावू देत नाही.

दंतकथा
दहा-बारा दिवस मऊ खाणं, फार गरम नको. समोरच्या दातांनी तोडून खायला देऊ नका, छोटे तुकडे करून मागच्या दाढांकडे जातील असं द्या. बाटली आणि चोखणी या दिवसांत शक्यतो बंद, ओढण्याचा ताण बसतो. ब्रश बाकीच्या दातांना नेहमीसारखा. दुखऱ्या जागी सगळ्यात मऊ ब्रश किंवा ओला कापूस. घाण साचली की हिरडी बरी होत नाही, म्हणून "दुखतंय, राहू दे" करू नका. अल्कोहोल नसलेलं क्लोरहेक्सिडीन (तोंडातले जंतू मारणारं औषध) डॉक्टरांनी दिलं असेल तर ते कापसाने दिवसातून दोनदा, आठवडाभर. त्या वयात गुळण्या जमत नाहीत, सगळं पोटात जातं.

दुखलं तर पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. ॲस्पिरिन लहान मुलांना अजिबात नाही. नुसत्या दाताच्या मारासाठी अँटिबायोटिक सहसा लागत नाही, स्वतःच्या मनाने सुरू करू नका. मातीत पडून जखम झाली असेल तर धनुर्वाताची लस कधी झाली ते डॉक्टरांना सांगा.

अभय७
एक शंका. शाळेच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला होता की दात पडला तर दुधात घालून डॉक्टरकडे न्यायचा, ते परत बसवतात. मग दुधाचे दात पडले तर आपण फेकून का देतो? परत बसवले तर पोराला फटीने राहावं लागणार नाही.

दंतकथा
फॉरवर्ड बरोबर आहे, पण पक्क्या दातांसाठी. दुधाचा दात मुळासकट बाहेर आला तर तो परत बसवायचा नाही. बसवताना तो आतल्या अंकुरावर ढकलला जातो, नंतर जंतुसंसर्गही होऊ शकतो. तरी दात सापडला तर बरोबर आणा. अख्खा निघाला की मूळ तुटून आत राहिलं ते पाहता येतं. सापडला नाही तर एक्सरे काढायलाच हवा. मृण्मयीकडे झालं तसं पडला म्हणून शोधत बसावं आणि तो आत घुसलेला असावा, हे वरचेवर होतं. तुकडा तुटून ओठात रुतलेला असू शकतो. आणि पडल्यापासून मूल खोकतंय, श्वास घेताना आवाज येतोय, असं असेल तर दात श्वासनलिकेत गेल्याची शक्यता धरून लगेच दवाखाना.

पक्का दात निघाला तर मात्र एकेक मिनिट महत्त्वाचं. मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाला धरायचं, माती लागली असेल तर पाण्याखाली किंवा दुधात पटकन विसळायचं, घासायचं नाही, आणि तिथल्या तिथे खाचेत परत बसवून रुमाल चावायला द्यायचा. जमलं नाही तर दुधात टाकून धाव ठोकायची. कोरडा दात तासभर राहिला की मुळावरच्या पेशी जवळजवळ मेल्यातच जमा. दूध नसेल तर मुलाची लाळ चालेल, साधं पाणी साठवायला चांगलं नाही. सूचना काढणाऱ्या ज्या आंतरराष्ट्रीय संघटनेबद्दल मी वर लिहिलं, तिचंच "टूथ एसओएस" नावाचं मोफत ॲप आहे, गडबडीच्या वेळी बघायला बरं.

हळूबाई
पण सहा-सात वर्षांच्या मुलाचा पडलेला दात दुधाचा की पक्का, हे त्या गडबडीत कळणार कसं? तोंडात दोन्ही असतात!

दंतकथा
चांगला प्रश्न. नवा पक्का समोरचा दात मोठा, जरा पिवळसर असतो आणि त्याची कड करवतीसारखी दातेरी असते, तीन बारीक उंचवटे दिसतात. दुधाचा लहान, पांढराशुभ्र, कड सपाट. शंका असेल तर बसवायच्या भानगडीत पडू नका, दुधात घालून घेऊन जा. डॉक्टर ठरवतील.

मनमोकळी
माझा विषय थोडा वेगळा, पण इथेच विचारते. मुलगी तीन वर्षांची. चार महिन्यांपूर्वी झोपाळ्यावरून पडली, तेव्हा दात फक्त हलत होता, रक्त थोडं आलं, नंतर घट्ट झाला. आम्ही निश्चिंत. काही आठवड्यांनी तो दात करडा पडायला लागला, आता चांगलाच काळपट आहे. दुखत नाही, खाते व्यवस्थित. पण लग्नकार्यात जो भेटतो तो "अगं, दात किडला का हिचा? चॉकलेटं कमी द्या" म्हणून सल्ला देतो. एकांनी रूट कॅनाल सुचवलं. काय करू?

रोखठोक
हेच म्हणत होतो. भाच्याचाही असाच काळा पडला आणि मग पू.

उन्हाळी_सुट्टी
आमच्या शेजारच्या मुलाचा काळा पडला होता आणि वर्षभरात बराचसा उजळला. काहीच केलं नाही. पडेपर्यंत तसाच राहिला, त्रास शून्य.

दंतकथा
दोघांचंही खरं आहे, आणि म्हणूनच नुसत्या रंगावरून उपचार ठरवत नाहीत. मार लागल्यावर दाताच्या आतल्या नसेत रक्तस्राव होतो, तो रंग दातात झिरपतो. काही दातांत तो पुन्हा निघून जातो. काही दात पिवळे पडतात, कारण आतली पोकळी हळूहळू भरत जाते. तेही बहुधा निरुपद्रवी. करडा दात दुखत नाही, हिरडी चांगली आहे, तर लक्ष ठेवायचं, बस.

कधी जायचं ते सांगते. हिरडीवर दाताच्या वरच्या अंगाला पुळी किंवा फोड, बोट लावल्यावर ओलं पिवळट काही येणं, सूज, आधी घट्ट झालेला दात पुन्हा हलायला लागणं, रात्री दुखून उठणं. यातलं एक जरी दिसलं तरी थांबायचं नाही. मग नसेचे उपचार किंवा दात काढणं, जे योग्य असेल ते. रोखठोक यांचा भाचा त्या गटातला. आठवड्यातून एकदा ब्रश करताना ओठ वर करून उजेडात पाहायची सवय लावा, रोज नको.

उन्हाळी_सुट्टी
रोज नको! हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझं बोट वाचलं असतं.

मनमोकळी
पुळी नाहीये, आत्ताच टॉर्च लावून पाहिली. सल्ले देणाऱ्या नातेवाइकांसाठी काही उपचार आहे का?

गप्पिष्ट
"हो काकू, तुमच्याकडूनच खाल्लं होतं शेवटचं चॉकलेट" असं सांगा. पुन्हा विचारणार नाहीत.

रोखठोक
ठीक. पुळी दिसली की थांबायचं नाही, एवढं मान्य असेल तर माझं भांडण नाही. माझं म्हणणं एवढंच की सामान्य आईबाप तपासण्या चुकवतात. पोर हसतखेळत असतं, रजा मिळत नाही, तारीख निघून जाते. कागदावर वाट पाहणं सोपं असतं. ज्या घरात पुढच्या तारखा पाळल्या जाणार नाहीत तिथे काढणंच बरं, असं मी अजूनही म्हणेन.

दंतकथा
तारखा चुकतात हे शंभर टक्के मान्य. पण त्यासाठी दात काढणं मला नाही पटत. पावणेदोन वर्षांच्या मुलाचा घुसलेला दात काढायचा म्हणजे भूल, धरून ठेवणं, पुढची कित्येक वर्षं डेंटिस्टचं नाव काढलं की रडणं. त्यापेक्षा मोबाइलवर तारखा टाकून ठेवा.

सवडीने
आमच्याकडे अडचण वेगळीच. पोरगा तोंडच उघडत नाही. खुर्ची दिसली की अंग ताठ. एक्सरे वगैरे दूरच. दीड वर्षाच्या मुलाला तपासतात तरी कसं?

दंतकथा
खुर्ची विसरा. आई किंवा बाबा आणि डॉक्टर समोरासमोर बसतात, गुडघ्याला गुडघे लावून. मूल पालकांच्या मांडीवर त्यांच्याकडे तोंड करून बसतं, पाय त्यांच्या कमरेभोवती. मग त्याला हळूच मागे आडवं करायचं, डोकं डॉक्टरांच्या मांडीवर येतं. पालक दोन्ही हात धरतात, मुलाला त्यांचा चेहरा दिसत राहतो. रडतं, पण रडताना तोंड उघडं असतं, आमचं काम होतं! मिनिटभरात आटोपतं. एक्सरेसाठी फिल्म त्याच्या ओठांमध्ये आडवी ठेवून पालकांनी धरायची. घरी याच पद्धतीने ब्रश करून बघा, नवऱ्याला डॉक्टर करा.

सवडीने
करून पाहिलं. बायकोच डॉक्टर झाली, कारण माझ्या मांडीवर त्याला झोप लागते. पण दिसलं सगळं! डाव्या बाजूला एक दाढ फुटतेय हेही आजच कळलं.

नातवंडांची_आजी
मी मृण्मयीच्या सासूबाईंच्या बाजूने बोलायला आले होते, पण सगळं वाचून थोडं वेगळं लिहिते. आमच्या वेळी मुलं पडायची, दात तुटायचे, कापूस लावून गप्प बसवायचो. डेंटिस्टकडे कुणी नेलं नाही. माझा थोरला दोन वर्षांचा असताना पायरीवर पडला होता, समोरचे दोन्ही दात आत गेले होते. आले खाली. आम्ही विसरलो. सातव्या वर्षी नवीन दात आला त्यावर मधोमध तपकिरी डाग. आम्हाला वाटलं नीट घासत नाही, बोलणी खाल्ली बिचाऱ्याने. तो मोठा झाल्यावर डेंटिस्टने विचारलं, लहानपणी पडला होतात का? तेव्हा उलगडा झाला. आता त्यावर काहीतरी लावून दिलंय, दिसत नाही. तेव्हा मृण्मयी, सासूबाईंना म्हणावं, दुधाचा दात पडतो पण त्याच्या मागे एक असतो.

दंतकथा
आजी, नेमकं हेच. पक्क्या समोरच्या दाताचं कवच जन्मानंतर तीन-चार महिन्यांत तयार व्हायला लागतं आणि साधारण चार-पाच वर्षांपर्यंत चालू असतं. त्या काळात दुधाच्या दाताचं मूळ जोरात आत घुसलं तर कवच बनवणाऱ्या पेशींना धक्का बसतो. त्याची खूण म्हणजे पांढरा किंवा पिवळा-तपकिरी डाग, कधी खळगा. क्वचित दाताचा वरचा भाग आणि मूळ यांच्यात वाक येतो, किंवा दात यायला उशीर होतो. घुसलेले आणि मुळासकट निघालेले दात यांत धोका सर्वाधिक, आणि मूल जितकं लहान तितका जास्त. डेन्मार्कच्या येन्स आंद्रेआसेन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा मुलांचे पक्के दात येईपर्यंत पाठपुरावा केला होता, तेव्हापासून हे नीट कळलं.

मृण्मयी, घाबरू नका. डाग पडलाच तरी तो झाकता येतो. आणि जी इजा व्हायची ती पडल्याच क्षणी होऊन गेलेली असते, दात काढून ती मागे घेता येत नाही.

हळूबाई
दवाखान्यातला एक अनुभव. मुलाच्या वरच्या ओठाच्या आतली ती मधली पट्टी फाटली होती. रक्त इतकं की माझा कुर्ता भिजला. तिथे डॉक्टर, मग नर्स, मग आणखी एक डॉक्टर, सगळे तेच विचारत होते, कसा पडला, कुठे पडला, कोण होतं जवळ. मी शेवटी चिडले. आम्हीच मारलं असं वाटतंय का यांना?

दंतकथा
चिडणं स्वाभाविक आहे. पण हे प्रश्न सगळ्यांना विचारावेच लागतात, विशेषतः मूल अजून चालत नसेल आणि ही पट्टी फाटली असेल तर. ज्या एखाद्या मुलाला खरंच कुणी इजा करतंय ते याच प्रश्नांतून सापडतं. तुमच्यावर संशय म्हणून नव्हे.

ती पट्टी फाटल्यावर रक्त खूप येतं, पण टाका क्वचितच लागतो. स्वच्छ ओलं कापड ओठावर बाहेरून दाबून दहा मिनिटं धरा. आणि थांबलं का ते बघायला ओठ सारखा वर उचलू नका, उचलला की पुन्हा सुरू. नंतर एखादी काळपट उलटी झाली तर ते गिळलेलं रक्त असतं बहुधा, पण डोक्याला मार लागला असेल तर उलटी दवाखान्यात दाखवाच.

हळूबाई
ओठ उचलून बघणे, अगदी तेच करत होतो आम्ही दर दोन मिनिटांनी.

चष्मेबहाद्दर
अवांतर, पण हे सगळं टाळायचं कसं यावर कुणी बोलत नाहीये. चाकांचा वॉकर घरात आणूच नका. त्यात मूल वेगाने धावतं आणि पायरीवरून तोंडावर जातं. कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली. ब्रश तोंडात घेऊन पळू द्यायचं नाही. गुळगुळीत फरशीवर मोज्यांत फिरू द्यायचं नाही. टेबलाच्या कोपऱ्यांना रबर.

गप्पिष्ट
आमच्याकडे कोपऱ्यांना रबर लावलं. पोराने ते काढून खाल्लं.

उन्हाळी_सुट्टी
मोजे आणि वॉकर मान्य. पण दोन-अडीच वर्षांचं मूल पडणारच, पाय तेवढे स्थिर नसतात आणि डोकं शरीराच्या मानाने जड. सगळं बंद करत बसलात तर ते पळायला शिकणार कधी?

चष्मेबहाद्दर
पळू दे की. तोंडात ब्रश नसताना पळू दे.

सवडीने
दंतकथा, एक राहिलं. ज्याचा समोरचा दुधाचा दात कायमचा गेला, तिथे नकली दात बसवावा लागतो का? जागा आक्रसते म्हणतात.

दंतकथा
दाढ लवकर गेली तर जागा जाते, तिथे जागा राखायची पट्टी लावावी लागते. समोरच्या दाताचं तसं नसतं. सुळे आलेले असतील तर जागा फारशी जात नाही. "स" म्हणताना काही दिवस हवा निसटते, मुलं स्वतःच जुळवून घेतात. नकली दात दिसण्यासाठी बसवता येतो, पण गरज म्हणून नाही. दात खूप लवकर गेला असेल तर हिरडी जाड होऊन पक्का दात काही महिने उशिरा येऊ शकतो. सातव्या वर्षी शेजारचा आला आणि हा नाही, तर घाबरण्याआधी एक एक्सरे.

मृण्मयी_लिहिते
अपडेट. सहा आठवड्यांची तपासणी झाली. दात जवळजवळ अर्धा खाली आलाय! पहिल्या डॉक्टरांकडेच गेलो. मी धीर करून सांगितलं की आम्हाला मागच्या वेळी काहीच समजलं नव्हतं. त्यांनी एक्सरे उजेडात धरून दोन्ही दात शेजारी दाखवले. आमचा आखूड दिसत होता. रंग किंचित करडा वाटतो, त्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय. सासूबाई सगळ्यांना सांगतायत, "मी म्हटलंच होतं काही करू नका."

रोखठोक
अभिनंदन. सहा महिन्यांची तारीख मोबाइलवर टाकली का?

मृण्मयी_लिहिते
टाकली! पडल्याची तारीख, फोटो आणि एक्सरेची प्रत पण एका फोल्डरमध्ये ठेवलीय, सहाव्या वर्षी लागेल म्हणून.

निशाचर_बाबा
उशिरा लिहितोय, माफ करा. आत्ता तासाभरापूर्वी मुलगी, वय तीन, पलंगावरून पडली. वरचा दात खाली लोंबल्यासारखा आलाय, मागे पण वळलाय. रडणं थांबलंय. पण तोंड मिटलं की तो दात आधी लागतो आणि बाकीचे दात टेकतच नाहीत. वरचं सगळं वाचलं, थांबलं तर चालेल ना सकाळपर्यंत? की बोटाने ढकलून बघू?

दंतकथा
ढकलू नका. आणि थांबूही नका. वर घुसलेल्या दाताला जे लागू होतं ते याला नाही. तोंड मिटताना दात अडतोय म्हणजे प्रत्येक वेळी दात मिटले की त्याला धक्का बसणार. शिवाय फार लोंबत असेल तर सुटून घशात जायची भीती. तो जागेवर आणून आधार द्यायचा की काढायचा हे आज रात्रीच ठरायला हवं. जिथे रात्री डेंटिस्ट असतो अशा दवाखान्यात फोन करून जा. जाईपर्यंत काही खायला देऊ नका, भूल लागू शकते. झोपवू नका आडवी, मांडीवर बसवा.

निशाचर_बाबा
निघालोय. बायको चालवतेय, मुलगी मांडीवर आहे माझ्या.

चष्मेबहाद्दर
मांडीवर नको हो गाडीत! सीटवर, पट्टा लावून, बसती ठेवा.

निशाचर_बाबा
बरोबर. थांबवून बसवली तिच्या सीटवर. तुम्ही लोक झोपत नाही का?